दाजींची हत्तीची रायफल

बीड जिल्ह्याला हत्तींपासून आजवर कसलाही उपद्रव झाला नाही, याचं सगळं श्रेय माझ्या दाजींना द्यावं लागेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. तेलगावात त्यांचं किराण्याचं आणि सरकी-पेंडीचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी, लोखंडी कपाटात हत्ती मारायची दुनळी रायफल होती. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी दुकानदार माणसं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. दाजी तर इतके मवाळ, की गुळाच्या ढेपेवरचे मुंगळे फुंकर मारून उडवायचे आणि त्यात एखाद्याचा पाय मोडला तर दुपारपर्यंत हळहळायचे. अशा माणसाच्या घरात ही वस्तू कशी आली, असं प्रत्येक नवा फौजदार विचारायचा. दाजी हात जोडून सांगायचे, "साहेब, तराजू आणायला गेलतो."

ते खरंच होतं. निजामाच्या काळातलं एक जहागीरदार घराणं कायमचं हैदराबादला निघालं, तेव्हा त्यांनी वाड्यातलं सामान विकायला काढलं. दाजी मोठा तराजू बघायला गेले. तराजूच्या मागे भिंतीला टेकून ती उभी होती. तराजू तिथंच राहिला. परवान्याच्या अर्जात कारण लिहावं लागतं, म्हणून दाजींनी 'रानडुकरांपासून पिकाचे संरक्षण' असं लिहिलं, आणि परवाना मिळाल्यावर थोड्याच दिवसांत शेजारच्या मळ्यातले गडी दारात आले. "शेठ, डुकरं ऊस लोळवायलेत. घ्या बंदूक, चला." दाजींनी कपाळाला हात लावला. "डुकराला? अरे, ही हत्तीची हाय. डुकरावर चालवली तर हिची काय इज्जत ऱ्हाईल?" पण अर्जात तसं लिहून दिलेलं होतं, म्हणून ते गेले. जिल्ह्यातली सगळ्यात मोठी रायफल ज्याच्या कपाटात होती, तो माणूस त्या संध्याकाळी उसाच्या कडेला उभा राहून तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवत होता.

मी बीडच्या एका शाळेत हेडक्लार्क. सोमवारी सकाळी आठवड्याची यादी करायची, झालेल्या कामापुढे खूण करायची, न झालेलं काम पुढच्या सोमवारी उतरवायचं, असा माझा शिरस्ता. अक्काच्या घरची कामंही माझ्याच यादीत असत, कारण अक्का नुसती उसासे टाकायची. त्या यादीत वर्षानुवर्षं एक काम तसंच पुढे सरकत होतं: रायफल घरातून काढणे. अक्काच्या मुलाचंही तेच मत होतं. एवढ्या जागेत पेंडीची दहा पोती बसतील, असं तो म्हणे, आणि तो चुकत नव्हता.

दाजींना मात्र आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती हत्तीपेक्षाही दुर्मीळ निघाली. ही रायफल काय चीज आहे, ते घरातल्या एका तरी माणसाला कळावं. घरी कुणीही आलं, की चहाच्या आधी ते कपाट उघडत. रायफल रिकामी असल्याचं आधी स्वतः बघत, मग पाहुण्याला दाखवत, मग ती त्याच्या दोन्ही हातांवर ठेवत, नव्या बाळंतिणीचं मूल ठेवावं तशी. अक्रोडाच्या लाकडी दस्त्याला ते जवसाचं तेल चोळत. चापाच्या वरच्या पोलादी पट्टीवर केसाएवढ्या रेषांनी कोरलेली वेलबुट्टी होती, ती नखानं दाखवत. नळ्या मिटताना 'टक्' असा आवाज व्हायचा, तिजोरीचं दार लागावं तसा, आणि तो आवाज ते पुन्हा एकदा ऐकवत. मग डोळे बारीक करून विचारत, "कसं वाटलं?"

लोक म्हणत, "जड हाय."

जावयानं तेच सांगितलं, व्याह्यांनी तेच सांगितलं, कपिलधारच्या जत्रेहून येताना टेकलेल्या स्वामींनीही थोडा विचार करून तेच सांगितलं. दाजी मान हलवत, फडक्यानं बोटांचे ठसे पुसत आणि कपाट लावत. मलाही त्यांनी दर दिवाळीला विचारलं. मी म्हणायचे, "दाजी, अंदाजे पाच किलो." ते म्हणायचे, "हेडक्लार्क, तुला वजनाचं न्हाई इचारलं."

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. त्या वर्षांत सरकारं अशी पडत होती, की रायफल दुकानामागे कमी आणि ठाण्यात जास्त राहू लागली. दाजी तिला सासरी पाठवावी तशी पाठवत. गोधडी, तेलाची बाटली, मऊ फडकी, आणि माझ्याकडून दोन प्रतींत लिहून घेतलेली सामानाची यादी. हवालदाराला सांगत, "दर आठ दिसाला जरा कूस बदला तिची." हवालदार म्हणे, "शेठ, आमची कूस बदलायला सवड न्हाई, हिची कुठून बदलू?" एकदा ऐन खंडेनवमीला रायफल ठाण्यातच अडकली. शस्त्रपूजा चुकवायची तर नाही. मी दसऱ्याला गेले तेव्हा पाटावर तराजूची वजनं, सुतळी कापायची कात्री आणि मधोमध पोलीस ठाण्याची पावती होती. पावतीला हळदकुंकू लावलेलं होतं. पावती दाखवून रायफल परत आणायची तेव्हा, सही कुंकवाखाली गेली म्हणून ठाण्यात दोन तास गेले, आणि ते निस्तरायला मला बीडहून रजा काढून यावं लागलं.

रायफल ते वर्षातून एकदाच चालवत. खंडेनवमीला, गावाबाहेरच्या मुरमाच्या खाणीत, समोरच्या कडेवर एक गोळी. जहागीरदारांकडून रायफलीसोबत गोळ्यांचं एक खोकं आलं होतं, अंगठ्याएवढी जाड आणि मधल्या बोटाएवढी लांब गोळी. वर्षाला एक, या हिशेबानं त्या पुरल्या आणि संपत आल्या. तसली गोळी देशात बनत नव्हती आणि बाहेरून येत नव्हती. नेमकं तेव्हाच सरकारनं बाजार खुला केला. तेलगावात परदेशी सरबत आलं, डिशवर परदेशी बातम्या आल्या, दाजींच्या दुकानात परदेशी साबण आला. दाजींच्या तोंडावर तेज चढलं. "सगळं यायलंय. मग गोळी कावून येणार न्हाई?" फेब्रुवारीत अर्थसंकल्पाचा पेपर ते दुकान अर्धं लावून वाचत. साबण, गाड्या, घड्याळं, सगळं सापडे, गोळी सापडत नसे. मग मी त्यांच्या वतीनं दिल्लीला अर्ज टाईप करी. उत्तर येई, की आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. असे सहा विभाग झाले. सगळ्या प्रती माझ्या फायलीत क्रमवार होत्या. मला त्या उत्तरांचा अर्थ दुसऱ्याच विभागात कळला होता. दाजींना सहाव्यातही कळला नाही.

एकच गोळी उरली, तेव्हा त्यांनी हात आखडला. एक खंडेनवमी गेली, दुसरी गेली. "नव्या आल्या की हिला मारू," म्हणत. मग मोपेडवरून पडून त्यांचा उजवा खांदा निखळला आणि नीट बसलाच नाही. हात छातीच्या वर जाईना. आता ती रायफल त्यांनाच उचलेना, तरी ते रोज डाव्या हातानं तेल चोळत बसत, आणि चोळता चोळता मध्येच थांबून त्या एका गोळीकडे बघत राहत. अक्का म्हणाली, "ह्यांचं हे बघवंना मला." ती गोळी संपवण्याचं काम माझ्या यादीत आलं, आणि माझ्या यादीतलं काम मी करते.

त्या खंडेनवमीला मी स्पष्टच बोलले. "दाजी, गोळ्या यायच्या नाहीत. ही एक मारून टाका आणि मोकळे व्हा."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मला उचलंना. तू मार."

खाणीवर अक्का, तिचा मुलगा, हवालदार आणि पाच-सहा माणसं. सगळी हसत होती. "बाईसाब, आधी रजेचा अर्ज टाका," हवालदार म्हणाला. दाजींनी दस्ता माझ्या खांद्याच्या खळगीत बसवला, गाल कुठं टेकायचा ते सांगितलं, म्हणाले, "भिऊ नकू. घट धर. चाप हळूच, लिंबू पिळल्यावानी."

आवाज मला कानांनी ऐकू आलाच नाही, तो छातीतून गेला. समोरची मुरमाची कड, भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी सुटून खाली आली. मी दोन पावलं मागे गेले, नळ्या आभाळाकडे, आणि त्या क्षणी पुढचं काम कोणतं, ते माझ्या डोक्यात नव्हतं. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. पाच किलोंचं ते लोखंड हातात हलकं झालं होतं. एवढं मोठं काहीतरी माझ्या अंगातून गेलं आणि कुणाचंच काही बिघडलं नाही. मला मोठ्यानं हसायचं होतं. मला आणखी एक गोळी हवी होती.

दाजी जवळ आले. तोच बारीक डोळ्यांचा चेहरा. "कसं वाटलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ही वस्तू घरातून काढायची, असं वीस वर्षं म्हणणारी मी.

"खांदा दुखला," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. झाडलेल्या गोळीची रिकामी पितळी पुंगळी काढली, एकदा हुंगली आणि माझ्या हातात ठेवली. डायरीत मी त्या कामापुढे खूण केली.

त्यानंतर कपाट फारसं उघडलं नाही. पाहुणे आले की नुसता चहा. पुढच्या निवडणुकीला रायफल मुलानं ठाण्यात नेऊन दिली, गोधडीशिवाय. परवान्याची मुदत संपली तेव्हा दाजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिकडंच." कपाटाच्या जागेवर पेंडीची बारा पोती बसली, मुलाच्या अंदाजापेक्षा दोन जास्त. मी सोमवारच्या यादीत लिहिलं: तेलगावला जाणे, दाजींना खरं सांगणे. त्या आठवड्यात शाळेत तपासणी होती. पुढच्या सोमवारी ते खाली उतरवलं. मग परीक्षा आल्या, मग प्रवेश. उन्हाळ्यात दाजी गेल्याचा अक्काचा फोन आला तेव्हा ते यादीत पाचव्या नंबरावर होतं.

पुंगळी माझ्या टेबलाच्या खणात, शिक्क्यांच्या डब्याशेजारी असते. खंडेनवमीला मी ती पाटावर कात्रीजवळ ठेवते. पहिली दोन वर्षं तिला बंदुकीच्या दारूचा वास येत होता, आता नुसता पितळेचा येतो. दर सोमवारी नवी यादी करताना ते दाजींना खरं सांगायचं वाक्य मी अजून खाली उतरवून घेते.