कोणापेक्षा?

मेडशीच्या बसमध्ये कोणी ‘औषधानं फरक हाय’ म्हटलं, की पुढच्या सीटवरची एक मुलगी मागे वळून विचारते, “कोनापेक्षा?” नवखा माणूस गोंधळतो. आम्हा रोजच्या प्रवाशांना सवय झाली आहे.

वाशीमच्या एका संशोधन प्रकल्पात ती आकडेवारीचं काम करते. गुडघेदुखीच्या बायकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एका गटाला फक्त गोळ्या, दुसऱ्याला गोळ्या आणि व्यायामाचा वर्ग. बरं दोन्हीकडे वाटत होतं. पण वर्गातल्या बायकांना खरोखर जास्त फरक पडला, तरच वर्ग सर्वांसाठी सुरू होणार होता.

तिच्या आईची चिठ्ठी गोळ्यांच्या गटात निघाली. आई भर बसमध्ये म्हणायची, “सारं तुह्याच हाती हाय, मंग मले कायले गोळ्यावर ठेवलं? एक चिठ्ठी बदलवता येत नाही तुले?”

“नाही येत, माय,” एवढंच ती म्हणायची आणि आईचा गुडघा दाबत राहायची.

परवा परतीच्या बसमध्ये ती धावतच चढली. जागा असूनही बसली नाही. गणित तिनं पुन्हा पुन्हा तपासलं होतं. दोन गटांतला फरक योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नव्हता. तिनं फोन लावला.

“माय, फरक हाय!”

आईचा आवाज मागच्या सीटपर्यंत ऐकू आला. “कोनापेक्षा?”

“तुह्यापेक्षा!” ती ओरडली. “सोमवारपासून तू बी वर्गात ये!”