स्वयंपाकघरातली पहिली इयत्ता

आमच्या घरी अजूनही सोफा हलवला की मागून एखादा साबुदाणा निघतो. किस्स्यांचंही तसंच आहे. कुणी नुसतं "तुम्ही म्हणे मुलीला घरीच शिकवत होतात?" एवढं विचारलं की एक निघतो, आणि तो उचलायला वाकलं की आत आणखी चार दिसतात. त्यातले चारचौघांत सांगण्यासारखे आहेत तेवढेच सांगते.

मूळ गोष्ट तशी हसण्यासारखी नव्हती. २००४ साली आम्ही ॲरिझोनात, चँडलरला होतो. माझा नवरा मिलिंद चिप बनवणाऱ्या एका कंपनीत. मी पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे, पण इथे माझा व्हिसा डिपेंडंट, म्हणजे नोकरी करायला बंदी. मुलगी रेवा केजीत होती. वर्ष संपताना तिच्या टीचरने आम्हाला बोलावलं आणि फार गोड आवाजात सांगितलं की हिला अक्षरांत काही रस दिसत नाही, तर अजून एक वर्ष केजीतच ठेवू या.

मी गाडीत येऊन बसले. मग विचारलं, "मिलिंद, केजीत कुणी नापास होतं का रे?"

"नापास नाही म्हणाली ती. रिपीट म्हणाली."

"तेच ते."

मला फार लागलं ते. आमच्या दोन्ही घरांत कुणाचं वर्ष वाया गेलेलं नव्हतं, आणि हिचं सहाव्या वर्षीच जाणार होतं. मी माहिती काढली, काउंटीच्या ऑफिसात कागद भरून दिला आणि पहिली घरीच करायची ठरवली. मिलिंदची एकच अट होती. पुढच्या जुलैत शाळेत प्लेसमेंट टेस्ट द्यायची. वाचता आलं तर रेवा तिच्या वयाच्या मुलांबरोबर दुसरीत, नाही आलं तर पुन्हा पहिलीत. मी लगेच हो म्हटलं. इंजिनिअर होऊ घातलेल्या पोरांना शिकवलेल्या बाईला 'सी ए टी कॅट' शिकवणं काय जड जाणार होतं!

पुस्तकी काही करायचं नाही, सगळं हातांनी करत शिकायचं, असं मी ठरवलं होतं. कणीक मळताना मापं, पोळीचे तुकडे करताना अपूर्णांक. रेवाला हे सगळं फार आवडलं. वाचायची वेळ आली की मात्र ती म्हणायची, "तू वाच ना आई. मला ऐकायला आवडतं."

*

बातमी पसरली तसा पहिला फोन शिल्पाचा आला. शिल्पा आणि नितीन आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. त्यांचा ओंकार रेवाच्याच वयाचा, पण शाम्पूच्या बाटलीवरचा मजकूरही वाचून काढणारा.

"तुझ्या शाळेच्या ॲडमिशन कधी सुरू होतायत?"

"अगं, शाळा नाही. घर आहे माझं."

"ते कळलं गं. सीट्स किती आहेत?"

मी हसून फोन ठेवला. दोन दिवसांनी पुण्याहून माझ्या मामाचा फोन आला. मामा दिवाळीलासुद्धा फोन करत नाही. त्याने तब्येत विचारली, हवा विचारली आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "ते नितीन म्हणून आहेत ना तिकडे, ते आमच्या बँकेतल्या साहेबांचे जावई. त्यांच्या मुलाचं काही होतंय का बघ."

मिलिंद पलीकडून म्हणाला, "देऊन टाक मॅनेजमेंट कोट्यातून." अशा रीतीने आमची पटसंख्या एकदम दुप्पट झाली.

आठवड्याभरात शिल्पा पुन्हा दारात. "आता याला क्लास कुठला लावू?"

"कसला क्लास?"

"तुझ्या शाळेतला अभ्यास करून घ्यायला."

मला थट्टा वाटली. पण तिने खरंच तिच्या ओळखीच्या एका काकू गाठल्या. ओंकार दिवसभर माझ्याकडे वांगी मोजायचा आणि संध्याकाळी तिकडे जाऊन वांग्यांचा गृहपाठ करायचा.

*

शनिवारचा विज्ञानाचा तास मिलिंदने घेतला होता. त्याच्या कंपनीत धुळीचा कण जरी आला तरी चौकशी बसते, त्यामुळे घरी दही लागलं नाही तेव्हा त्याला ती मोठी संधी वाटली. एसीच्या गारव्यात आमचं दही कधीच लागत नसे. त्याने दोन्ही मुलांना फळ्यासमोर बसवलं, माशाच्या काट्यासारखी आकृती काढली आणि विचारलं, "रूट कॉज काय असेल?"

ओंकार म्हणाला, "मिल्क."

रेवा म्हणाली, "बाबा."

मग विरजण लावलेल्या वाट्या घरभर ठेवण्यात आल्या. फ्रिजवर, कपाटात, गॅरेजमध्ये आणि एक उन्हात उभ्या असलेल्या गाडीत. गाडीतलं दही असं लागलं की सुरीने वड्या पाडाव्यात. तेव्हापासून मिलिंद ऑफिसला जाताना दही घेऊन जाऊ लागला. सांडू नये म्हणून पातेलं टॉवेलात गुंडाळून रेवाच्या कार सीटमध्ये ठेवायचं आणि वरून पट्टा लावायचा.

एके दिवशी दुपारी त्याला खालून सिक्युरिटीचा फोन आला, ताबडतोब पार्किंगमध्ये या. तो धावत गेला. गाडीची काच फोडलेली होती. बाहेर भट्टीसारखं ऊन, आणि सावलीत एक आडदांड गार्ड गुडघ्यांवर बसून टॉवेलाची घडी हळूहळू उलगडत होता. बिचाऱ्याला वाटलं होतं, आत बाळ आहे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मिलिंदने आधी काचेकडे पाहिलं, मग गार्डकडे, आणि विचारलं, "फार हलवलं नाहीत ना?"

*

त्या वर्षी मला एकदा सणकून ताप आला. मी पांघरूण घेऊन पडले होते. शिल्पाने ओंकारला पाठवू का म्हणून फोन केला, तो रेवाने घेतला.

"नको मावशी," ती म्हणाली. "आज शाळेने क्रोसिन घेतलीय."

*

हिवाळ्यात माझे सासरे आले. आप्पा मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले. आम्ही मुलीला शाळेतून काढलं हे त्यांना फोनवर सांगायची मिलिंदची हिंमत झाली नव्हती, ते त्यांना विमानतळावरून घरी येताना कळलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. आप्पा रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर चहा पिऊन म्हणाले, "शाळा घरी आहे ते ठीक. पण घंटा कुठाय?"

दुसऱ्या दिवसापासून स्टीलच्या ताटावर चमच्याने घंटा वाजू लागली. प्रार्थना सुरू झाली. दोन मुलं डोळ्यांसमोर बसलेली असताना रोज हजेरी व्हायची. ओंकार 'प्रेझेंट' म्हणाला की आप्पा पुढे जायचे नाहीत, 'हजर' म्हणाला की मगच रेवाचं नाव घ्यायचे. शनिवारी शाळा सकाळची झाली. मला मधल्या सुट्टीखेरीज चहा मिळेना.

महिन्याभराने त्यांनी पालकसभा ठेवली. मी सोफ्यावर बसून मटार सोलत होते, तर म्हणाले, "अशी नाही. दारातून ये."

मी मागच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घातला आणि बेल वाजवली. आप्पांनी दार उघडलं. एरवी मला अगं-तुगं करणारे आप्पा कोट घालून उभे होते.

"या. बसा. रेवाच्या आई ना आपण?"

"हो."

"मुलगी चुणचुणीत आहे. हिशोबात उत्तम. पण वाचनात फार कच्ची. मी पुस्तक पुढ्यात ठेवलं तर तिने ते मिटून मला परत दिलं, वर थँक यू म्हणाली. घरी वाचून घेता का?"

"आप्पा, हेच घर आहे."

"मग शाळेत वाचनाला कोण असतं?"

"मीच."

 आप्पा पुढे वाकून, आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "त्या बाईंना एकदा भेटा."

*

मे महिना आला. टेस्ट जवळ आली आणि रेवा अजून एक ओळ वाचत नव्हती. मी दिवसा धीट असायचे, पण आतून घाबरले होते. वर्ष तर वाया जाणारच होतं, आणि आता ते माझ्यामुळे जाणार होतं.

शेवटी मी वाचनही उन्हात आणलं. साबुदाणा शिजवला, गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेवर पांढरी चादर अंथरली आणि तिच्यावर पापड्यांची अक्षरं घातली. एस, यू, एन. सूर्याबद्दल शिकायचं, सूर्यानेच वाळवायचं आणि सूर्य हाच शब्द वाचायचा. मला माझंच कौतुक वाटलं.

"काय लिहिलंय सांग बघू?" मी विचारलं.

रेवाने 'यू'चा तुकडा तोडून तोंडात टाकला. "मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

तेवढ्यात कॉलनीच्या असोसिएशनचा, नियम बघत फिरणारा माणूस आला. ओंकार काठी घेऊन कबुतरं हाकत होता, त्यालाच त्याने विचारलं, "हे काय आहे?"

"धिस इज फर्स्ट ग्रेड," ओंकार म्हणाला.

त्या माणसाने पहिली इयत्ता बराच वेळ पाहिली. मग मला समजावलं की ड्राइव्हवेवर होडी ठेवायला मनाई आहे, ट्रेलरला मनाई आहे, कपडे वाळत घालायला मनाई आहे. मी म्हटलं, हे कपडे नाहीत, खायचं आहे. रेवाने लगेच एक अर्धवट ओली पापडी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती तोंडात टाकली आणि पुढची काही मिनिटं त्याला बोलता आलं नाही. साबुदाणा दातांना धरून बसला होता.

"मी याची नोंद सीझनल डेकोरेशन म्हणून करतो," तो अखेर म्हणाला. "तुमचा सण संपला की काढून ठेवा."

*

जुलैत आम्ही शाळेत गेलो. मिलिंदने रजा मागितली होती, ती मिळाली नाही, म्हणून मी एकटीच होते. छोटी खोली, छोटं टेबल, समोर एक वयस्क, शांत टीचर. मला भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं आणि मध्ये बोलायचं नाही असं सांगितलं.

गणित झकास झालं. पिझ्झाचा अर्धा आणि पाव मिळून किती, या प्रश्नावर रेवाने आधी "पिझ्झा केवढा?" असं विचारलं, पण उत्तर बरोबर दिलं. मग टीचरने एक पुस्तक काढलं. बागेत भाजी लावणाऱ्या एका बेडकाची गोष्ट होती. तिने ते उघडून रेवासमोर नीट ठेवलं. 

रेवाने पुस्तकाकडे पाहिलं आणि ते फिरवून ठेवलं. बेडूक डोक्यावर उभा.

टीचर हसली. तिने पुस्तक पुन्हा सरळ केलं. रेवाने पुन्हा फिरवलं. मला उठून तिचा हात धरावासा वाटला. संपलं, गेलं वर्ष, असं मनात आलं आणि मी डोळे मिटून घेतले.

मिटलेल्या डोळ्यांनीच मला ऐकू आलं. रेवा वाचत होती. न अडखळता, शांतपणे, पानामागून पान. 'व्हेजिटेबल' तर तिने थेट माझ्या पुणेरी उच्चारात म्हटलं. मी डोळे उघडले तेव्हा बेडूक अजून डोक्यावरच होता.

टीचरने तिला थांबवलं. कपाटातून दुसरं पुस्तक आणलं, जाडसर, आणि या वेळी तिने स्वतःच ते उलटं ठेवलं. रेवाने तेही घडाघडा वाचलं.

टीचरने हळूच माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही घरी वाचता तेव्हा कुठे बसता?"

"ओट्यापाशी," मी म्हटलं. "मी कणीक मळता मळता वाचून दाखवते, दुसऱ्या हाताचं बोट शब्दांवरून फिरवत. पुस्तक माझ्यासमोर असतं. ती पलीकडे, स्टुलावर, माझ्याकडे तोंड करून..." मी टेबलावरच्या उलट्या पुस्तकाकडे पाहिलं.

टीचरने मान डोलावली, पेन उचललं आणि म्हणाली, "दुसरीत घेऊ या. फक्त तिला कुणाच्या तरी समोर बसवावं लागेल."

पार्किंगमध्ये आल्यावर मला रडू आवरेना. गाडी उन्हात तापली होती तरी मी तशीच स्टिअरिंग धरून बसून राहिले. रेवाने मागे बसून पट्टा लावला.

"आई, यू नो व्हॉट? टीचर केप्ट गिव्हिंग मी द बुक अपसाइड डाउन."

"मग तू तिला सांगितलं का नाहीस?"

"तिला वाईट वाटलं असतं," रेवा म्हणाली. "तू पण मला वाचायला रोज तसंच देतेस. मी तुला कधी काही म्हटलं का?"