चौदा कलमी बाई

परिचारिका विद्यालयात बाईंनी एकतीस वर्षं एकच विषय शिकवला: शुश्रूषेची मूलतत्त्वं. त्यात इतिहास आला, सिद्धांत आले आणि पलंगावर चादर सुरकुती न पडता कशी घालायची तेही आलं. तिन्ही गोष्टी त्या सारख्याच गांभीर्याने शिकवत, त्यामुळे चादरीलाही इतिहास असतो अशी मुलींची बरेच दिवस समजूत असे.

इतिहासाच्या पेपरात साठच्या साठ मुली हातात दिवा घेतलेल्या त्या थोर बाईवर लिहीत. बाई सगळे दिवे विझवत. "दिवा कोणीही धरेल गं. तिने छावणीतली गटारं साफ करवली, खिडक्या उघडायला लावल्या, मेलेल्यांची मोजदाद ठेवली. ते लिही, मग मार्क माग."

सिद्धांतांमध्ये त्यांचा जीव माणसाच्या चौदा मूलभूत गरजा सांगणाऱ्या विदुषीवर. श्वास, खाणंपिणं, झोप, कपडे, बोलणं, काम, करमणूक वगैरे. यातलं रोग्याला जमत नाही तेवढंच परिचारिकेने करायचं, आणि तेही लवकरात लवकर त्याचं त्याच्या हवाली करायचं. ही चौदा कलमं बाईंना झोपेतून उठवलं तरी म्हणता येतात अशी ख्याती होती. उठवून बघायची छाती वसतिगृहात कोणाची झाली नाही, पण नाव पडलं ते पडलंच.

दरवर्षी साठ मुली येत, साठ जात. गेलेल्यांच्या लग्नपत्रिका येत, मग मुलांचे फोटो, मग काहीच येत नसे. बाईंचं स्वतःचं लग्न धाकट्या भावंडांच्या शिक्षणात राहून गेलं, आणि भावंडं शिकून इतकी लांब गेली की फोन करण्याआधी तिकडे पहाट आहे की दुपार, याचा हिशोब करावा लागे. निवृत्तीनंतर बाईंनी दोन खोल्या घेतल्या. त्यात खुर्च्या दोन. एकीवर बाई बसत, दुसरीवर वर्तमानपत्रं.

परवाच्या उन्हाळ्यात माळ्यावरून पेटी काढताना बाई स्टुलावरून पडल्या आणि खुबा मोडला. फोनपर्यंत सरपटत जायला चाळीस मिनिटं लागली. ही वेळ त्यांनी घड्याळ बघून लक्षात ठेवली होती आणि रुग्णालयात पोचताच आधी ती लिहून घ्यायला लावली.

शस्त्रक्रिया झाली. वॉर्डाची सिस्टर निघाली बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. आता तिच्या नाकावर चष्मा आणि घरी दोन दांडगे मुलगे, पण बाईंना मुली हजेरीच्या नंबरानेच आठवत. ही सत्तावीस.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरी बघणारं कोणी असेल तर शुक्रवारी घरी. नसेल तर शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात सहा आठवडे. ते शुश्रूषागृह बाईंनी चांगलं पाहिलं होतं. दरवर्षी मुलींची सहल तिकडेच. सहा आठवड्यांसाठी आलेली माणसं तीन वर्षांनी त्याच खिडकीशी बसलेली त्यांनी पाहिली होती.

सोमवारी सत्तावीस फॉर्म घेऊन आली. फॉर्म त्याच चौदा कलमांवर बेतलेला. वीस वर्षांपूर्वी बाईंनीच भांडून तो रुग्णालयाच्या गळ्यात मारला होता.

"श्वासोच्छ्वास?"

"मोज. माझ्या तोंडाकडे बघून लिहू नकोस."

मोजून झालं. दहाव्या कलमाशी गाडी आली.

"बोलणं-चालणं. बाई, घरी कोण असतं?"

"भाची."

"काय करते?"

"नोकरी."

"कुठे?"

"तू फॉर्म भरतेस की सोयरीक जमवतेस?"

सत्तावीसने 'भाची' लिहिलं. त्या आठवड्यात भाचीला सोमवारी जादा काम लागलं, मंगळवारी सर्दी झाली आणि बुधवारी तिची बदलीही झाली. इतकं भरगच्च आयुष्य बाईंच्या ओळखीत दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

गुरुवारी सत्तावीस पलंगाशी स्टूल ओढून बसली. फॉर्म बाईंच्या हातात दिला. "तपासून द्या."

बाईंनी चष्मा लावला. दहाव्या कलमापुढे दोन रकाने होते. 'रुग्णाने सांगितलेलं' यात भाची. 'परिचारिकेला दिसलेलं' यात बारीक अक्षरात: भेटीच्या वेळेत चार दिवस कोणी आलं नाही. फोन वाजला नाही. चार वाजता रुग्ण केस विंचरून दाराकडे तोंड करून बसते. सफाईवाल्या मावशींना शुश्रूषेचा इतिहास सांगून थांबवून ठेवते.

"मावशी आपणहून थांबल्या होत्या," बाई म्हणाल्या.

"बरं, तसं लिहिते."

"अक्षर सुधारलंय तुझं." बाईंनी पान उलटलं. "निष्कर्ष कोरा का?"

सत्तावीस हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते लिहीन. भाची आहे म्हणालात तर आहे. दुसरा रकाना खोडते. उद्या घरी जा."

पलीकडच्या पलंगावर कोणाची तरी लेक संत्रं सोलून देत होती.

"खोडायचं नसतं," बाई म्हणाल्या. "पेन दे."

निष्कर्षाच्या जागी त्यांनी लिहिलं: घरी कोणी नाही. खाली सही केली आणि मग तारीख, वेळ.

सत्तावीसच्या चष्म्याची काच धुरकटली. "मी येईन ना बाई, दर रविवारी. आत्ता लिहूनच ठेवते इथे, सिस्टर भेट देणार म्हणून."

"वेडी आहेस का?" बाईंनी फॉर्म तिच्या हाताला लागणार नाही असा लांब धरला. "केलेलं लिहायचं. करणार आहोत ते नाही."

शुक्रवारी अकरा वाजता शुश्रूषागृहाची गाडी आली.