मुकादमानं भादव्यात विकायला काढलेली गाडी

शेजारच्या गावच्या ऊसतोड मुकादमानं भादव्यात आपली पिकअप विकायला काढली, हे ऐकलं तेव्हाच मी मुलाला म्हणाले, यात काहीतरी आहे. दसरा झाला की मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात. मुकादमाला गाडीची खरी गरज तेव्हाच. माणसं गोळा करायची, भांडीकुंडी पोचवायची, उसाच्या फडात कुणाचा पाय कापला तर दवाखान्यात न्यायचं. पेरणीच्या तोंडावर बैल कोण विकतं?

मुलगा म्हणाला, "माय, तुला पाऊस पडला तरी संशय येतो."

मी म्हणाले, "पडू तर दे."

त्या वर्षी तो पडलाच नव्हता. मृगात दोन सरी आल्या, बाजरी वीतभर वर आली आणि तिथंच वाळली. विहिरींचे तळ दिसत होते. गावात दोन दिवसांआड टँकर यायचा.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूचं. गावातल्या दूध संस्थेचे कॅन रोज सकाळी शीतकरण केंद्रावर पोचवायचे, हे आमच्या घराचं काम. त्यासाठीची पिकअप माझ्या मालकांनी घेतलेली. ते गेल्यावर ती माझ्या नावावर झाली, चालवायला मुलगा बसला आणि शेजारी मी बसू लागले. मी बसायचं कारण सरळ होतं. केंद्रावरच्या वजनावर माझा विश्वास नव्हता. मी चौथीपर्यंतच शिकले, पण काटा मला वाचता येतो.

गाडी जुनी झाली होती. तरी अठरा वर्षांत तिनं कधी दगा दिला नव्हता. त्या उन्हाळ्यापासून मात्र ती तापायला लागली. चढ लागला की बॉनेटमधून वाफ. थांबायचं, थंड होऊ द्यायचं, रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं, मग निघायचं. दोनदा केंद्रावर उशीर झाला. दुसऱ्यांदा तर दूध नासलं, सगळे कॅन परत आले. केंद्राच्या साहेबानं स्पष्ट सांगितलं, तिसऱ्यांदा असं झालं तर या गावचं दूध बंद. गावात पस्तीस घरं दूध घालत होती. शेतात काही उरलं नव्हतं, तेव्हा त्यांची चूल त्या कॅनांवरच पेटत होती, आणि आमचीही.

दुसरी अडचण पाण्याची. रोज एक डबा पाणी गाडीला लागायचं. टँकरच्या रांगेत एकीनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, आमच्या लेकरांच्या तोंडचं पाणी गाडीला पाजता व्हय?" त्या दिवसापासून मी गाडीला चांगलं पाणी दिलं नाही. केंद्रावर कॅन रिकामे झाले की आम्ही ते विसळायचो. ते विसळलेलं पाणी मी डब्यात भरून ठेवायला लागले आणि तेच रेडिएटरला घालायला लागले. मला वाटलं, कुणाच्या तोंडचा घास नको, शहाणपणाचं काम केलं.

म्हणून मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. गाडी बदलायला हवी होती. मुकादमाची पिकअप तीन वर्षांची, पांढरी, ऐटबाज. आमच्या मिस्त्रीनं तिच्याखाली आडवं होऊन सगळं पाहिलं आणि म्हणाला, "घ्या काकू. खोट न्हाई."

मला मिस्त्रीचाही संशय आला. अठरा वर्षं ज्याला माझ्या जुन्या गाडीनं काम पुरवलं, तो मला चांगली गाडी घे का म्हणतो?

मी मुलाला म्हणाले, "मला त्याच्या घरी ने. गाडी नंतर बघू, आधी दार बघते."

सकाळी दूध घालून परत येताना आम्ही तिकडं वळलो. मुकादम दारात खुर्ची टाकून बसला होता. गाडी धुऊन उभी केलेली, पुढच्या काचेला ताजी लिंबू-मिरची. मी चाकं पाहिली, हौदा पाहिला, हौद्यातली पोतडी उचलून खाली पाहिलं. बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. म्हणजे आम्ही येणार म्हणून आधी तापवून ठेवलेली नव्हती. मुलानं किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात चालू झाली. मला काही सापडेना, आणि जितकं सापडेना तितकं माझं डोकं फिरत गेलं.

"काय शोधता काकू?" मुकादम म्हणाला. "दात मोजायचे का तिचे?"

"मोजले असते," मी म्हणाले. "कावून विकता ते सांगा."

"दुसरी मोठी घ्यायची हाय."

"कदी?"

"घिऊ की. सीझन झाला की."

सीझन झाल्यावर मोठी घेणार, आणि सीझनला मोकळ्या हातानं जाणार. त्याच्या बायकोनं मला पाण्याला आत बोलावलं. घरातून मागच्या अंगणात गेले. दरवर्षी भादव्यात मुकादमाच्या मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. ताडपत्र्या शिवायला काढलेल्या असतात, कोयत्यांना धार चाललेली असते, नावं लावायला आलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या सकाळपासून बसलेल्या असतात. त्या दिवशी तिथं एक कुत्रं झोपलं होतं.

एवढ्यावरून मी काही ठरवलं नसतं. माणसं उद्या येतील, ताडपत्र्या परवा निघतील. पण न्हाणीच्या कडेला, जिथं आंघोळीचं पाणी वाहून जातं, तिथं वालाचा वेल लावलेला होता. नुकता लावलेला, चार पानांचा. शेळीनं खाऊ नये म्हणून भोवती बोराटीच्या काट्या रोवल्या होत्या आणि चढायला तुराटी उभी केली होती.

मुकादमाची बायको दरवर्षी त्याच्याबरोबर जाते. टोळीचा स्वयंपाक तिच्याकडं नसतो, पण त्याचा असतो. दसऱ्यानंतर या घराला कुलूप लागतं ते थेट पाडव्याला निघतं. वालाला शेंगा पौषात लागतात. पौषात ज्या घरात कुणी नसतं, तिथं काट्या रोवून वेल कोण जपतं?

मी तिला विचारलं, "शेंगा कुणाला गं?"

ती म्हणाली, "आसंच लावलाय, काकू." आणि तांब्या भरायला आत गेली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मी बाहेर आले आणि मुकादमासमोर उभी राहिले. "यंदा कारखाना चालणार न्हाई ना?"

तो खुर्चीतून उठला. "कोन म्हनलं?"

"तुमाला माहीत हाय. कारखान्याकडं बी ऊस वाळलाय. तुमाला निरोप आला असंल."

"काकू, गाडी घ्यायची तर घ्या. कारखान्याचं माझ्या डोक्यावर घालू नका." मग आवाज उतरवून माझ्या मुलाला म्हणाला, "तुझ्या आईला आवर रे."

मुलगा मला घेऊन निघाला. गावाच्या कमानीजवळ त्यानं गाडी हळू केली. मग म्हणाला, "गाडीत काय खोट निघाली, सांग."

"गाडीत न्हाई."

"मग?"

"वेल लावलाय."

"वेल बघून गाडी नाकारतीस? मी शब्द दिलाय तिथं!"

मी त्याला सावकाश सांगितलं. कारखाना नाही तर माणसं जाणार नाहीत. माणसं गेली नाहीत तर मजुरी नाही. मजुरीतून वैरण विकत येते, त्याच्यावर इथली जनावरं उन्हाळा काढतात. ते नसलं की लोक गाई विकणार. गाई विकल्या की कॅन रिकामे. नव्या गाडीत मग काय वाहायचं? त्यानं ऐकून घेतलं. तो मूर्ख नाही. शेवटी म्हणाला, "बरं. न्हाई घेत. पण माय, हे गावात बोलू नको. लोकं आजच जनावरं विकायला काढतील. दिवाळीपर्यंत तरी दूध चालू दे."

त्याचं बोलणं मला पटलं. पटलं हे मी लपवत नाही.

नवी नाही घ्यायची तर जुनी धडपणे चालायला हवी. तिसरा उशीर परवडणारा नव्हता. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं रेडिएटर सोडवला, उपडा केला, बोट घालून वास घेतला आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागला.

"काकू, ह्यात काय घालता?"

"पाणी."

"कशाचं पाणी? आतून दही लागलंय!"

विसळलेल्या कॅनांचं दूधपाणी. रोज थोडं थोडं आत वाळत गेलं होतं, नळ्या बुजल्या होत्या. म्हणून ती आणखी तापायची, म्हणून मी तिला आणखी तेच पाजायचे. मुलगा खांबाला टेकून हसत होता. सून पदर तोंडात धरून आत पळाली. मी चार महिने रस्त्याच्या चढाला, डिझेलला, मिस्त्रीला, मुलाच्या पायाला दोष देत होते. मिस्त्रीनं दोन दिवस लावून रेडिएटर साफ केला, पंप बदलला. त्यानंतर गाडी एकदाही तापली नाही. तो गाडी बदला म्हणाला होता ते उगाच, हे मात्र मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुमी तिला ताक पाजता हे मला काय ठाऊक?"

गावात बोलायचं नाही हे मी दोन दिवस पाळलं. तिसऱ्या दिवशी शेजारीण आली. नवरा-बायको दोघं दरवर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जातात. म्हणाली, "काकू, विकतची बाजरी पोत्यात भरून झाली. आमी गेलो की गाय तुमच्या दावणीला बांधते. दूध तुमीच घाला, तुमीच खा. फक्त उपाशी ठिवू नका."

ती सगळ्या सीझनचं धान्य बांधून बसली होती. शेळ्या तिनं आधीच विकल्या होत्या, सांभाळायला कुणी नाही म्हणून. आणि मी तिच्या गाईचं दूध दिवाळीपर्यंत वाहायला मिळेल, हा हिशोब मनात धरून तिच्यासमोर उभी होते.

मी म्हणाले, "मुकादमाच्या बायकोनं न्हाणीवर वाल लावलाय."

ती दारातल्या उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "कवा?"

"पंधरा दिवस झाले असतील. चार पानं हायेत."

संध्याकाळपर्यंत टँकरच्या रांगेत सगळ्यांना कळलं. पुरुष वाद घालत राहिले, कुणी म्हणालं कारखान्याच्या अध्यक्षाचं भाषण ऐकलंय, कुणी म्हणालं कारखाना सहकारी आहे, असा कसा बंद ठेवतील. बायकांनी वाद घातला नाही. त्यांनी एकमेकींना गाईंचे दात, म्हणजे वय, आणि बाजाराचा वार विचारला.

दुसऱ्या दिवशी मुकादम आमच्या दारात. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"काकू, गाडी घेतली न्हाई ते जाऊ द्या. गावात डांगोरा कावून पिटला? आता माझी गाडी कोन घेनार?"

"मी कारखान्याचं नाव बी घेतलं न्हाई. वेलाचं सांगितलं."

"उद्या कारखाना चालू झाला तर ह्या लोकांना तोंड दाखवाल का?"

मी त्याला म्हणाले, "तुमी सांगा मग. छातीवर हात ठिवून सांगा, चालनार हाय." तो गेला. पण तो बोलला ते राहिलं. त्याला निरोप खरंच आला होता की तो नुसता घाबरला होता, हे मला आजही पक्कं माहीत नाही.

त्या आठवड्यापासून आमच्या जुन्या गाडीला दोन कामं झाली. सकाळी कॅन, आणि बाजाराच्या दिवशी गाई. लवकर विकली तर बरी किंमत येईल, सगळीकडचे लोक विकायला निघाले की येणार नाही, एवढं प्रत्येकाला कळत होतं. पहिल्या बाजाराला चार गेल्या, दुसऱ्याला नऊ. कॅन कमी होत गेले. मुलगा रिकामे कॅन हौद्यात आपटून ठेवायचा.

तिसऱ्या बाजाराला शेजारणीची गाय होती. तिचा नवरा आला नाही, म्हणाला मला बघवणार नाही. ती माझ्या शेजारी, खिडकीकडं बसली. मागं गाय पाय सावरत होती, प्रत्येक वळणाला खूर पत्र्यावर वाजायचे. गाडी चढ सरळ चढली. कुठं थांबावं लागलं नाही.

बाजार दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "काकू, एक इचारू? तुमी खरंच सांगितलं ना? का तुमाला गाडीला भाडं पाहिजे होतं?"

मुलानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या जागी मी असते तर हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

"खरं सांगितलं," मी म्हणाले.

कारखाना त्या साली उशिरा पेटला आणि महिन्याभरात थंड झाला. पण ते कळायला अजून दोन-अडीच महिने होते. त्या दिवशी तिला दाखवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मुलानं गाडी जनावरं उतरवायच्या मातीच्या उंचवट्याला लावली. शेजारीण उतरली, मागं जाऊन तिनं स्वतः हौद्याचा फाळका पाडला, आणि गाय हौद्यातून मागं सरकायला लागली तेव्हा मला म्हणाली, "या, दावं धरा."