जहाजाआधी तयार झालेला माल

मुंबईच्या गोदीतून फोन आला तेव्हा आप्पांना जाऊन पंचवीस दिवस झाले होते. "अडकलेल्या जहाजाला निधी मंजूर झालाय. तुमचे व्हॉल्व्ह आठ दिवसांत मिळतील?" तिकडच्या बाईंनी विचारलं. मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि कामगारांसमोरच ढसाढसा रडलो... पन्नाशी उलटलेला माणूस.

आप्पा माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि अंबडच्या आमच्या कारखान्यातले भागीदार. मूळचे सटाण्याचे, सगळं घर कांद्यात आणि हे एकटे लेथवर. नाशकात बसून समुद्राची कसली कामं घेता, म्हणून मी त्यांना कायम चिडवायचो. पण नौदलाच्या जहाजाला लागणाऱ्या कांस्याच्या व्हॉल्व्हची ऑर्डर त्यांनीच आणली. आमचा माल वेळेत तयार झाला आणि तिकडे पैशांअभावी जहाजाचंच काम थांबलं. दोन वर्षं पेट्या शेडमध्ये पडून होत्या. इकडे कारखाना चालवताना नाकी नऊ आलेले. माल वितळवून विकू, असा धोशा मी लावला.

ते सटाण्याला लग्नाला गेले, तेव्हा मी भंगारवाल्याला बोलावलंच. टेम्पो दारात, काटा मांडलेला... आणि आप्पा एक दिवस आधीच परतले! रागावले की ते अहिराणीत उतरत. "हाऊ माल आपला नही शे, जहाजना शे," म्हणाले आणि पेटीवर जाऊन बसले. टेम्पो रिकामा गेला. मला त्यांचा भयंकर राग आला होता, खोटं कशाला बोलू?

शनिवारी आमची सुट्टी. आप्पा मात्र दर शनिवारी एकटेच शेडमध्ये जात, एकेका व्हॉल्व्हचं चाक पूर्ण फिरवून तेल घालत. नाहीतर ते जाम होतात. शेवटच्या शनिवारीही त्यांनी एकूण एक चाक फिरवलं. रविवारी सकाळी चहा पिताना गेले.

तपासणीला आलेले साहेब पेट्या बघूनच म्हणाले, "इतके दिवस पडलेला माल, निम्मा नाकारावा लागेल." त्यांनी पहिलं चाक फिरवलं, मग दुसरं, मग दुपारपर्यंत सगळी. एकही अडलं नाही. शुक्रवारी ट्रक मुंबईला रवाना झाला. पुढच्या जहाजासाठीही विचारणा आली आहे आणि तो मालही आम्ही वेळेत देऊ, याची मला खात्री आहे.

काल शनिवार. कुणी नसताना शेड उघडली. पेट्या होत्या तिथली फरशी तेवढी स्वच्छ दिसत होती. तिथे उभा राहून मोठ्याने म्हणालो, "आप्पा, माझं चुकलं." ते असताना हे एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही.