कणसांच्या टपरीवरची चेटकीण

कार्ल्याच्या फाट्यावर ती मक्याची कणसं भाजते. गिऱ्हाईक नसलं की मोबाइलच्या खेळात झाडूवर बसलेली गोंडस चेटकीण उडवते. चहूकडून गोळ्यांचा मारा होतो, पण तिचा अंगठा जेमतेम सरकतो. मी खेळून पाहिलं, लगेच मेलो.

"समद्या गोळ्या आपल्यावर नसत्यात," ती म्हणाली. "उगा पळालं की लागत्यात."

नवरा गेल्यावर गावानं तिलाच चेटकीण ठरवलं. परवा दीर माझ्यादेखत म्हणाला, "ही थेरं बंद कर, न्हाईतर टपरी हलव हितनं."

तिनं आधी डाव संपवला. मग कोळसा घेऊन टपरीच्या पांढऱ्या फळीवर हातभर चेटकीण काढली, झाडूसकट.

"भावजी, मी न्हाई हलायची," ती म्हणाली. "कणीस देऊ?"