खोक्यांमागची भिंत

लॉयड ब्रँट गेली सव्वीस वर्षं अमेरिकेतल्या टोलेडोत लोक विकत घेऊ पाहतात ती घरं तपासतोय. त्याआधी तो छपरं बसवायचा. एकावरून पडला, मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून शिडी चढताना डावा पाय आधी. एका घराला तीन तास. छप्पर, पन्हळी, माळा, विजेची पेटी, आणि शेवटी तळघर. गिऱ्हाइकानं सोबत फिरायचं ही त्याची अट. "तपासणी सोडून पडद्यांची मापं घेणाऱ्यांना पुढं गळक्या घरात पडदेच वाळत घालावे लागतात," तो म्हणतो. आणि घर घ्या किंवा घेऊ नका, हे तो मेला तरी सांगत नाही.

ट्रूडी हॅलोरन शाळेची बस चालवते. एकोणीस वर्षं भाड्याच्या घरांत काढल्यावर तिला विकत घ्यायला एक घर मनासारखं सापडलं होतं. शुक्रवारी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, आणि लॉयड आला तो गुरुवारी. घरमालक अर्ल विटकोम, वय ब्याऐंशी. तपासणीच्या वेळी मालकानं घर सोडून जायचं अशी रीत. अर्ल गेला, म्हणजे दारातल्या आपल्याच गाडीत जाऊन बसला.

तळघराच्या तीन भिंती मोकळ्या होत्या. चौथीला छतापर्यंत खोकी.

"हलवा ना ती," ट्रूडी म्हणाली.

"मालकाच्या सामानाला मी हात लावत नाही. 'भिंत दिसली नाही', एवढंच लिहीन."

"आणि एवढ्यावर मी उद्या काय सांगू?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. पण खोकी ज्यांची आहेत ते गाडीत बसलेत. विचारून बघा."

ट्रूडी अर्लला घेऊन आली. एकेक पायरी बघत तो उतरला.

"नाताळचं सामान आहे," तो म्हणाला.

"तीस खोकी?" लॉयडनं विचारलं.

"बायकोला हौस होती."

लॉयडनं 'भिंत दिसली नाही' असं लिहायला घेतलं. मग अर्लनं स्वतःच पहिलं खोकं उचललं. "दलाल म्हणाला, झाका. झाकलं."

मागं तडा होता, विटांच्या सांध्यासांध्यातून जिन्यासारखा वर गेलेला. ट्रूडी खालच्या पायरीवर बसली.

लॉयडनं विजेरी तिरकी धरली. तड्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, प्रत्येकीपुढं तारीख. १९८७, १९९१, १९९६. सगळ्यात वरची १९९८ ची. त्यापुढच्या सगळ्या तारखा त्याच टोकापाशी, एकीखाली एक, यंदाच्या एप्रिलपर्यंत.

"हे कुणी केलं?"

"मीच. दर वर्षी बर्फ वितळलं की बघतो. अठ्ठ्याण्णव साली पन्हळीचं पाणी घरापासून लांब सोडलं, तेव्हापासून तडा वाढला नाही."

लॉयडनं ओलावा मोजला. भिंत कोरडी होती.

"अर्ल, सगळं घर उघडं ठेवून तुम्ही नेमकं हेच झाकलंत."

"लोक तडा बघतात हो. तारखा कोण वाचतं?"

"म्हणजे घेऊ ना?" ट्रूडीनं विचारलं.

"इंजिनियरला दाखवा असं लिहितोय. तारखांचे फोटो जोडतो." लॉयडनं पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत विजेरी फिरवली. एवढा वेळ तो भिंतीपाशी सहसा रेंगाळत नाही.

ट्रूडी अर्लकडे वळली. "पेन्सिल कुठं असते?"

अर्लनं खांबावरच्या खिळ्याला दोऱ्यानं बांधलेलं थोटूक दाखवलं.

शुक्रवारी सकाळी इंजिनियर येऊन गेला, दुपारी ट्रूडीनं होकार कळवला. घरासोबत राहणाऱ्या वस्तूंच्या यादीत फ्रिज होता, कपडे धुण्याचं यंत्र होतं. त्याखाली तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं: पेन्सिल.